‘जाहा’ म्हणजे ‘जा’ नव्हे

वाचकाचं पत्र

मावशी, सप्रेम नमस्कार.

नवऱ्याच्या नोकरीमुळे दीड वर्षापूर्वी आम्ही गोंदियाहून थेट पाराग्वेत येऊन पडलो. देशाच्या दक्षिणेला मिसियोनेस नावाचा प्रांत आहे, गाईगुरांचा आणि भातशेतीचा. तिथल्या एका राइस मिलमध्ये तो यंत्रं बघतो. गाव एवढंसं. चौक एक, चर्च एक, तांबडी माती, आणि दुपारी बारानंतर रस्त्यावर चिटपाखरू नाही.

माणसं वाईट नाहीत. पण दीड वर्षात मी कुणाचीच झाले नाही. समोर आले की स्पॅनिश बोलतात, ते मला मोबाइलवर शिकून बऱ्यापैकी कळतं. पाच मिनिटांत आपापसात गुआरानी, म्हणजे इथली मूळची भाषा, सुरू होते आणि मी भिंतीसारखी बसून राहते. माझ्याबद्दलच बोलत असतील असं वाटतं. मला चांगलं नाव आहे, पण सगळे ‘ला इंदू’ म्हणतात. शेजारीण सुरुवातीला रोज दहाच्या सुमारास तेरेरे प्यायला बोलवायची, म्हणजे येर्बा नावाच्या पाल्यावर गार पाणी ओतून केलेलं पेय. एकच शिंग, एकच नळी, सगळ्यांची तोंडं त्याच नळीला. आपल्याकडे उष्ट्याचं किती असतं, तुम्हाला सांगायला नको. तरी मी डोळे मिटून एकदा प्यायचे, हसून ‘ग्रासियास’, म्हणजे धन्यवाद, म्हणायचे, की त्यानंतर मला कोणी द्यायचंच नाही! बाकीच्यांना पाच-पाच वेळा.

कधी लोक फाटकाबाहेर उभे राहून टाळ्या वाजवतात. पहिल्यांदा मला वाटलं, गुरं हाकलताहेत. मी पडद्याआडून बघत बसते.

जुलैत समोरच्या किराणा दुकानवालीची आई वारली. त्या संध्याकाळी शेजारीण प्लॅस्टिकची खुर्ची डोक्यावर धरून तिकडे निघाली होती. मला पाहून थांबली, हात हलवत ‘जाहा, जाहा’ म्हणाली. मला मराठीच ऐकू आलं, जरा हसूही आलं. मी ‘आदिओस’ म्हणून घरात आले. न बोलावता परक्यांच्या दुःखात कसं घुसायचं? नऊ संध्याकाळ त्यांची प्रार्थना ऐकू येत होती. आपला उजेड-आवाज नको म्हणून मी दिवा बंद करून बसायचे. तेव्हापासून दुकानवाली पैसे घेते, सुटे देते, बोलत नाही. शेजारणीचं बोलावणंही बंद झालं. घरमालकाच्या सहा खुर्च्या ओसरीवर आहेत, त्यांवर धूळ बसते.

अजून दोन वर्षांचा करार आहे. मी एकटीच परत येऊ का?

— फाटकाआड

उत्तर

अगं फाटकाआड,

मावशी म्हणालीस, म्हणून अगं-तुगं करते. मी त्याच देशात, तुझ्या उत्तरेला कोर्दिल्येरा प्रांतात, पिरिबेबुईजवळच्या एका गावात सात वर्षं काढली आहेत. तू ज्या चुका लिहिल्यास त्यातल्या निम्म्या माझ्या करून झाल्या आहेत.

पत्रात प्रश्न बरेच आहेत, पण मी अडकले ती एका शब्दापाशी. ‘जाहा’. तू तो मराठी कानाने ऐकलास. गुआरानीत त्याचा अर्थ ‘चल, जाऊ या’. तोही साधासुधा ‘जाऊ या’ नव्हे. स्पॅनिशमध्ये आम्ही आणि आपण या दोघांना मिळून एकच शब्द, ‘नोसोत्रोस’. हिंदीतही ‘हम’वरच भागवतात. गुआरानीत मात्र आपल्यासारखेच दोन आहेत. ‘ओरे’ म्हणजे आम्ही, तुला सोडून. ‘न्यांदे’ म्हणजे आपण, तुला धरून. ‘ओरे रोगा’ म्हणजे आमचं घर आणि ‘न्यांदे रोगा’ म्हणजे आपलं घर. क्रियापदातही तीच गंमत आहे. आम्ही जातो ते ‘रोहो’, आपण जाऊ ते ‘जाहा’.

म्हणजे बघ. शेजारणीला तुला वगळायचं असतं तर ती ‘रोहो’ म्हणून, किंवा काहीच न म्हणता, पुढे गेली असती. ती भर रस्त्यात डोक्यावर खुर्ची घेऊन थांबली आणि म्हणाली, ‘आपण जाऊ’. आणि तू तिला टाटा केलास.

रागावू नकोस. हा फरक एखाद्या इंग्रजाला किंवा जर्मनाला शिकवताना मास्तरांना घाम फुटतो. आपण तो दूध पिताना शिकलेलो असतो. ‘आमच्याकडे या’ आणि ‘आपल्याकडे असं नसतं’ यातलं अंतर तुला व्याकरण न उघडता कळतं. त्या गावात स्पॅनिश बोलणाऱ्या कुठल्याही परक्यापेक्षा तुला हे दार सोपं आहे, आणि तू नेमकी त्याच दारात उभी राहून मागे फिरलीस.

आता मयताचं. आपल्याकडे लग्नाला बोलावणं लागतं, मयताला लागत नाही. गोंदियात समोरच्या घरातली म्हातारी गेली असती तर तू आमंत्रणाची वाट बघत बसली असतीस का? चपला घालून निघाली असतीस. पण परदेश म्हटलं की आपल्या डोक्यात एकच देश येतो, जिथे फोन केल्याशिवाय कोणी कोणाकडे जात नाही, दुःखात तर नाहीच. तो कुठला देश असेल तो असो, पाराग्वेतलं खेडं नव्हे. तिथे माणूस गेलं की रात्रभर जागतात, दुसऱ्या दिवशी पुरतात, आणि मग नऊ संध्याकाळ घरी प्रार्थना होते. त्याला नोवेनारियो म्हणतात. प्रार्थना सांगणारी एक बाई असते, रेसादोरा. तिला सगळं पाठ, आणि ती काय वेगात म्हणते! आपल्या गुरुजींनी ऐकावं. आजूबाजूच्या घरांतून खुर्च्या येतात, कारण एवढी माणसं बसवण्याइतक्या खुर्च्या कोणाकडेच नसतात. नवव्या दिवशी चिपा म्हणजे चीज घातलेला पाव, कोसिदो म्हणजे येर्ब्याचा चहा, पोरांना गोळ्या-बिस्किटं. आपल्या दहाव्या-तेराव्यासारखंच. फरक एवढाच की पिंडाला कावळा शिवायची वाट बघावी लागत नाही.

मी पहिल्यांदा गेले तेव्हा मला त्यातलं ‘सांता मारिया’ एवढंच कळत होतं. सगळ्यात मागे, आंब्याच्या झाडाखाली बसले. (हो, तिथे आंबे आहेत. डिसेंबरात रस्त्यावर सडा पडतो आणि कोणी उचलत नाही, ते बघून पहिल्या वर्षी मला रडू यायचं.) रेसादोरा एक-एक नाव घेते आणि बाकीचे दर वेळी ‘रुएगा पोर एल्या’ म्हणतात, म्हणजे हिच्यासाठी प्रार्थना कर. तिसऱ्या संध्याकाळी माझ्याही तोंडातून ते आपोआप निघायला लागलं. नवव्या दिवशी त्या घरच्या सुनेने मला चिप्याची पिशवी दिली, नवऱ्यासाठी वेगळा एक घालून. तोवर मला वर्ष झालं होतं आणि मी तुझ्यासारखीच कुढत होते.

तू दिवा बंद करून बसलीस ते चांगल्या मनाने. गल्लीला काय दिसलं? ही घरात आहे, हिला ऐकू येतंय, हिच्या ओसरीवर सहा खुर्च्या आहेत, आणि ही अंधारात बसली आहे. त्यांच्या जागी तू काय समजली असतीस?

तर आता काय करायचं. आधी शेजारणीकडे जा. दुकानवालीकडे नको, शेजारणीकडे. फाटकाशी उभी राहा आणि दोन-तीन टाळ्या वाजव. खेड्यात बेल नसते, टाळी हीच बेल. परक्याच्या अंगणात थेट शिरणं असभ्य आणि नावाने ओरडणं त्याहून असभ्य. तुझ्या फाटकाशी इतके दिवस जी माणसं टाळ्या वाजवून परत गेली ती भेटायला आली होती. एखादा लिंबं द्यायला, एखादी लॉटरीचं तिकीट खपवायला, पण आली होती. कुत्री भुंकतील. भुंकू देत, हलू नकोस, कोणीतरी ‘आदेलान्ते’, म्हणजे आत ये, म्हणेपर्यंत थांब.

मग तिला खरं ते सांग. तुमच्या ‘जाहा’सारखाच आवाज आमच्या भाषेत आहे आणि तिथे त्याचा अर्थ ‘नीघ’ असा होतो. मला वाटलं, तू मला आत जा म्हणतेस. मोडक्या स्पॅनिशमध्ये, हातवारे करून सांग. मी पैजेवर सांगते, ती आधी तुझ्याकडे बघत राहील आणि मग तिला हसू आवरणार नाही. दुसऱ्या दिवशी ते गावभर झालेलं असेल. होऊ दे. लहान गावाला प्रत्येक माणसाबद्दल एक गोष्ट लागते आणि तू दिली नाहीस तर ते स्वतः रचतात. सध्या चाललेली गोष्ट ‘मयताला आली नाही ती’ अशी आहे. ‘जाहा म्हटल्यावर घरात पळाली ती’ ही कितीतरी बरी.

दुकानवालीकडे गिऱ्हाईक नसताना जा. काही विकत घेऊ नकोस. ‘सिएन्तो मुचो लो दे सु मामा’ एवढं म्हण आणि गप्प राहा. तुमच्या आईचं फार वाईट वाटलं, एवढंच. उशीर का झाला ते तिला शेजारीण सांगेल, तेच बरं. २ नोव्हेंबरला तिथे पितरांचा दिवस असतो. सगळं गाव स्मशानभूमीत जातं, कबरी धुतात, फुलं ठेवतात, भरतकाम केलेलं कापड क्रुसाला गुंडाळतात. क्रुसाला गुआरानीत ‘कुरुसू’ म्हणतात. आपण ‘क्रूस’ पोर्तुगिजांकडून घेतला, गुआरानी लोकांनी त्यांचा स्पॅनियार्डांकडून. त्या दिवशी सकाळी शेजारणीबरोबर जा. हात रिकामे नकोत, मेणबत्ती पुरे.

आता तेरेरे. तुझ्या ‘ग्रासियास’चं कोडं मी एका वाक्यात सोडवते. तिथे तेरेरेचं भांडं परत देताना ग्रासियास म्हणणं म्हणजे ‘पुरे, मला आता नको’. तू पहिल्याच फेरीला पानावर हात आडवा धरत होतीस आणि वर, वाढत नाहीत म्हणून रुसत होतीस. माझंही हेच झालं होतं, आणि मी तर भर जानेवारीत, चाळीसला टेकलेल्या उन्हात, तासभर कोरड्या घशाने बसले होते. न बोलता पी, न बोलता परत दे. पुरे झालं की शेवटी एकदाच ग्रासियास.

बाकीच्या खोडीही सांगून ठेवते, म्हणजे एखाद्या दिवशी तुझ्या ओसरीवर तू ओतशील तेव्हा उपयोगी पडतील. शिंगाच्या त्या पेल्याला गुआम्पा म्हणतात, नळीला बोम्बिल्या. गुआम्पा दोन तृतीयांश येर्ब्याने भरायचा, तोंडावर तळहात ठेवून हलवायचा, जरा तिरका करून बोम्बिल्या आत सरकवायची. एकदा लागली की लागली. चहासारखी ढवळायची नाही, नाहीतर आजूबाजूचे सगळे ‘आई गं’ करतील. पहिलं पाणी कोणी पीत नाही, ते सान्तो तोमासचं, म्हणजे संत थॉमसचं. येर्बा ते शोषून घेते, मग पुढची फेरी. पाणी बर्फाचं. त्यात उखळात ठेचलेल्या औषधी पाल्याचा गोळा टाकतात. पुदिन्याच्या जातीची पानं, कधी मुळ्या, कधी सेद्रोन कापिई. ‘कापिई’ म्हणजे गवत. ते जुडीने विकत घेऊन चुरडून बघ. आपला गवती चहा आहे तो! मला बाजारात त्याचा वास आला तेव्हा मी त्या पालेवालीच्या हातातून जुडी जवळजवळ ओढून घेतली होती. या पाल्याच्या जाणकारीसकट तेरेरेची परंपरा २०२० साली युनेस्कोच्या यादीत गेली. फेब्रुवारीतला शेवटचा शनिवार त्यांचा राष्ट्रीय तेरेरे दिवसही असतो. पण हे सगळं तुला शेजारणीकडूनच कळू दे, आधी आपण सांगायला जाऊ नये.

आणि उष्टं. यावर मी तुला शहाणपण शिकवणार नाही, कारण माझ्या आईने पाणी वरून ओतून प्यायला शिकवलं आणि माझा घसाही सुरुवातीला आवळायचा. पण त्या मंडळींना तो प्रश्न कळत नाही असं मात्र नाही. २०२० मध्ये कोरोना आला तेव्हा सरकारनेच गुआम्पा वाटून घेऊ नका म्हणून सांगितलं आणि घराघरात ज्याचा त्याचा वेगळा झाला. पुष्कळ जणांनी ती सवय ठेवली. आपला गुआम्पा आणि चामड्याचं कव्हर चढवलेला आपला थर्मास घेऊन येणारी बाई आज कोणाला विचित्र वाटत नाही. कव्हरवर नाव घालून देतात, करून घे. सर्दी-खोकला असेल तर तोंडाने सांगून टाक, कोणी आग्रह करत नाही. तेही जमत नसेल तर पहाटे किंवा संध्याकाळी कोसिदोला जा. येर्बा आणि साखर तापल्या निखाऱ्यावर करपवतात, त्यात पाणी घालतात, गाळून दूध घालतात. ज्याचा त्याचा कप. पहिल्या घोटाला धुरकट लागतो, चौथ्या दिवसापासून आपला चहा फिका वाटायला लागतो. मी मात्र दुसऱ्या वर्षी सगळ्यांबरोबर एकाच नळीने प्यायला लागले. का, ते आठवत नाही. त्या दिवशी फार उकडत होतं एवढं आठवतं.

‘इंदू’चं मनाला लावून घेऊ नकोस. स्पॅनिशमध्ये ‘ह’ म्हणत नाहीत, त्यामुळे ‘हिंदू’चं ‘इंदू’ होतं. त्याचा धर्माशी संबंध नसतो. भारतातून आला तो इंदू, मग तो कोणत्याही देवाला मानो की न मानो. ‘इंदिओ’ म्हणत नाहीत, कारण तो शब्द त्यांच्याकडे आदिवासींसाठी वापरला गेलाय आणि त्यात हेटाळणी आहे. म्हणजे ते आपल्या परीने मान राखताहेत. माझ्या एका आत्याचं नाव इंदू होतं. दोन वर्षं भांडून मी शेवटी त्या हाकेला ओ द्यायला लागले. जायच्या आधीच्या वर्षी पोरं मला ‘न्या इंदू’ म्हणायला लागली होती. ‘न्या’ म्हणजे आपलं ‘बाई’ किंवा ‘काकू’, वयाने आणि मानाने मोठ्या बाईसाठी. तुला अजून वेळ आहे त्याला.

पाच मिनिटांत गुआरानीवर घसरतात याचा तू उलटा अर्थ लावतेस. स्पॅनिश ही त्यांची इस्त्रीची भाषा. पाहुण्यासमोर, कचेरीत, बँकेत. गुआरानी घरातली. १९९२च्या राज्यघटनेने दोन्ही अधिकृत केल्या, पण त्याआधी शाळेत गुआरानी बोललं म्हणून मार खाल्ल्याचं साठीच्या पुढची माणसं आजही सांगतात. तुझ्यासमोर ती भाषा निघते म्हणजे तुझ्यासमोर चपला काढून पाय वर घेऊन बसावंसं वाटतं. तुझ्याबद्दल बोलत असतील का? थोडं बोलत असतीलच. आपण काय बोलतो गं, गल्लीत नवी सून आली की? पगार किती, भाडं किती, मूल का नाही, हे तुला तिथे विचारत असतील तर ते गोंदियातही विचारलं असतं.

भाषा सगळी शिकायची गरज नाही. ‘म्बाएइचापा’ म्हण, कशी आहेस. ‘इपोरां’ म्हण, बरं आहे, शेवटचा स्वर नाकात. रस्त्याने येता-जाता न थांबता ‘आदिओस’ म्हण. तिथे तो निरोप नसतो, नमस्कार असतो. पाण्याचा शब्द एकच स्वर आहे, ‘ई’ आणि ‘उ’ यांच्या मधला. तो सात वर्षांत मला एकदाही नीट म्हणता आला नाही. तो म्हणायला सांगून म्हातारे-कोतारे माझी करमणूक करून घ्यायचे. तूही करून दे.

दुपारचं एक विचारते. तू मिक्सर कधी लावतेस? पत्रात नाही, पण मला संशय आहे. मी बारा ते तीनमध्ये चटणी वाटायचे, घर शांत असतं म्हणून. ते शांत असतं कारण सिएस्ता असते, सगळं गाव झोपलेलं असतं. त्या वेळेत रस्त्यावर भटकतो तो दंतकथेतला जासी जातेरे, सोनेरी केसांचा, हातात काठी, न झोपणाऱ्या पोरांना पळवून नेणारा. कोकणात भर बाराच्या वेळी पोरांना विहिरीकडे जाऊ देत नाहीत, तसंच. तेव्हा दुपारी फिरायला जाऊ नकोस आणि मिक्सर चारनंतर.

खाण्याचं तू काही लिहिलं नाहीस, म्हणजे जमवलं असावंस. एवढंच सांगते, मांदिओका या कंदाकडे दुर्लक्ष करू नकोस. तिच्याच पिठीचा आपल्याकडे साबुदाणा होतो. ती, शेंगदाणा, बटाटा, मिरची, हे सगळं मूळचं अमेरिका खंडातलं. आषाढीला आपण ज्या खिचडीवर उपास करतो तिची पूर्वजमंडळी तुझ्या आजूबाजूला आहेत. अननस आणि काजू हे शब्दसुद्धा गुआरानीच्या बहिणीचे, तुपी भाषेतले, पोर्तुगिजांच्या गलबतातून आपल्याकडे आले. त्यांचा म्बेजू करून बघ. मांदिओकाची पिठी, चीज, थोडं लोणी, मीठ, कोरड्या तव्यावर थापायचं. साबुदाण्याच्या थालीपिठाचा सख्खा भाऊ. त्यात हिरवी मिरची घातलीस तर शेजारीण एक घास खाईल, पाणी पिईल, आणि दुसरा मागेल.

आणि हे उत्तर तुझ्या हाती पडेल तेव्हा १ ऑक्टोबर आला असेल. त्या दिवशी काराई ऑक्तुब्रे नावाचा एक खडूस म्हातारा, डोक्यावर टोपी, हातात चाबूक, घरोघरी डोकावतो आणि चुलीवर काही नसेल त्या घरात वर्षभर दारिद्र्य देऊन जातो. म्हणून त्या दिवशी घरोघर जोपारा शिजतो, घेवडा आणि मका घालून मोठं भांडंभर. जोपारा म्हणजे मिसळ. स्पॅनिश-गुआरानीच्या खिचडी भाषेलाही तेच नाव आहे. तू तुझ्या पद्धतीने कर, जिरं-लसणाची फोडणी दे हवं तर, आणि एक वाडगा शेजारणीकडे ने. वाडगा रिकामा परत येणार नाही, हे तुला ठाऊकच आहे.

नवऱ्याशी मात्र वेगळं बोल. तो रोज मिलमध्ये चार माणसांत तेरेरे पितो, दीड वर्ष पितो, आणि ग्रासियास कधी म्हणायचं हे त्याने घरी येऊन सांगितलं नाही? मला या गृहस्थाचा जरा रागच आलाय. मिलमध्ये तो आपोआप कोणाचा तरी सहकारी झाला. तुला ते शून्यातून करायचंय, हे त्याच्या लक्षात आणून दे. रविवारी घरात लोळत पडण्यापेक्षा तुझ्याबरोबर एखाद्या अंगणात जाऊन बस म्हणावं.

परत यायचं का, ते मी सांगणार नाही. काही माणसांना तेवढं मोकळं आभाळ सोसत नाही, आणि त्यात लाज नाही. पण पुढच्या जुलैत त्या आजींचा ‘काबो दे आन्यो’ आहे, वर्षश्राद्ध. पुन्हा प्रार्थना, पुन्हा गल्लीभरच्या खुर्च्या. तिकीट काढायचंच असेल तर त्याच्या नंतरचं काढ. आणि त्या सहाच्या सहा खुर्च्या पुसून आदल्या दिवशीच नेऊन दे.

— मावशी